गोळीनंतरचा तास

कुटाईसीच्या जुन्या इस्पितळाच्या दोन इमारती,
मधे तुतीचं झाड आणि एक तुटका बाक.
पलीकडे क्षयाचा विभाग.
अलीकडे माझा: विषबाधा, यकृत, रात्रपाळी.
ओतिया तिकडे, उन्हाळ्यापासून.
त्याची आई नाझिब्रोला इकडे, परवापासून.

ओतिया ट्रक चालवायचा, पोती बंदर ते येरेवान.
आता खिडकीत बसून घाम पुसतो, बनियन नारिंगी होतं.
पहिल्या आठवड्यात बाटली घेऊन धावत आला होता:
"डॉक्टर, मला डाळिंबाच्या रसाची लघवी होतेय."
म्हटलं, गोळीचा रंग आहे. काम चालू आहे.

कसलं काम, ते सांगायला बाकावर बसावं लागलं.

जंतूच्या घरात एकच कारकून, म्हटलं. पॉलिमरेज त्याचं नाव.
एकटा जीव सदाशिव.
भिंत नाही, दालन नाही.
सिग्मा नावाचा वाटाड्या बोट ठेवतो, इथून उतरव,
आणि बहुधा आपल्या वाटेनं जातो.
ओळ पुरी व्हायच्या आत
रायबोसोम तिचं टोक धरून वाचायला लागतात.
शाई वाळायची वाट कोण बघतो!
तुझी गोळी बसते ती कागद बाहेर यायच्या वाटेवर.
दोन अक्षरं, तीन अक्षरं,
कोंडी.
दुसरा कारकून नाही. दप्तर बंद.

"आणि माझ्यात?"
तुझ्यात तीन, तेही केंद्रकाच्या भिंतीआड.
एक नुसता रायबोसोमचा आरएनए उतरवत बसलेला,
एक बारीकसारीक बघणारा,
आणि मधला, ज्याच्याशिवाय पान हलत नाही:
बारा घटकांचा, बारा भानगडींचा.
मदतनीस जमल्याशिवाय लेखणी उचलत नाही.
मग प्रतीला टोपी घाला, नको ते कापा, शेपूट जोडा,
तेव्हा कुठे ती भिंतीबाहेर.
"आमची नगरपालिका," ओतिया म्हणाला.
हो. पण तुझी गोळी तिला ओळखत नाही, म्हणून तू जिवंत.

हे सप्टेंबरातलं.

ऑक्टोबरात नाझिब्रोला ओकच्या रानात गेली.
एका डोळ्यात मोतीबिंदू; हिरवट टोपी तिला हिरवट दिसली नाही.
अक्रोड, कोथिंबीर, लसूण.
मीठ बघायला रात्री तीन चमचे खाल्ले,
आणि सकाळी आठला बरणी टॉवेलात गुंडाळून मुलाकडे.
त्यानं नुकती गोळी घेतली होती.
तासभर पोट रिकामं ठेवायचं, हा आमचा नियम.
"थांब आई, तासाभरानं खातो."
चाळिसाव्या मिनिटाला ती तुतीखाली ओकत होती.
बरणी मी उघडली. वास सुंदर होता.

अमानिटिन जंतूच्या कारकुनाकडे ढुंकूनही बघत नाही.
येतं ते थेट मधल्याकडे,
आणि त्याला मारतही नाही.
मिनिटाला हजारो अक्षरं लिहिणारा
दोन-तीनांवर येतो.
यकृत जुन्या प्रतींवर दिवस ढकलतं,
म्हणून मधे एकदा रोगी उठून बसतो.
आज सकाळी तिनं केस विंचरले. बरं वाटतंय, म्हणाली, घरी सोडा.
मी सलाइनचा वेग तपासत राहिले.

कॉलेजात दोघांची चित्रं दाखवली होती, एकावर एक ठेवून.
खेकड्याची तीच नांगी, मधे तीच खाच.
कुणी सख्खे म्हणेल.
मी तेव्हा वर्गात पेंगत होते.

दुपारी ओतिया मास्क लावून काचेपाशी आला.
"त्या मधल्याला मोकळं करणारी गोळी?"
खात्रीची नाही. आहे ते देतोय.
यकृत वाढतं पुन्हा, वाढण्याइतकं उरलं तर.
मास्कची वरची कड नारिंगी झाली.

आतून नाझिब्रोलानं त्याला पाहिलं,
पाच बोटं जुळवून ओठांपाशी नेली, भुवया उंचावल्या:
जेवलास?

त्यानं मान हलवली. खोटंच.
रिपोर्ट साडेचारला येतो.