अठ्ठ्याहत्तरचा साका

तळघरात उतरताना गिलेन म्हणाली, डोकं सांभाळा.
अकरा पायऱ्या. भिंतीवर काळी बुरशी,
मांजराच्या पाठीसारखी मऊ.
मी नोटरीच्या कचेरीतून आलेला,
काखेत वही, वहीत रकाने:
साल, मळा, बाटल्या, किंमत.

खाली आन्सेल्म आधीच येऊन बसलेला,
उपड्या पिंपावर, लोकरी टोपी कानांवर ओढून.
एक्याण्णव वर्षांचा.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला
तो परत आलाच नाही.
सगळ्या गावाला ठाऊक आहे,
त्याच्यासमोर कुणी बोलत नाही.

"सहा उघडू," तो म्हणाला, "सहाही अठ्ठ्याहत्तरच्या.
विकण्याआधी कळू दे काय विकतोय ते."

पहिलीचं बूच भुगा होऊन निघालं.
आत वाइन होती, पण थकलेली,
दोन घोटांत तिचं बोलणं संपलं.
दुसरी गेलेलीच. ओल्या पुठ्ठ्याचा वास.
गिलेनने ती बादलीत ओतली, चेहरा न बदलता.
चारशे युरो, मी मनात वजा केले.

तिसरी तिने मेणबत्तीवर धरून ओतली,
साका मानेशी येईपर्यंत, इतकी सावकाश
की झोपलेल्या पोराखालून हात काढावा.
लाल असं काही उरलं नव्हतं.
मधे विटेचा रंग, कडेला कांद्याच्या सालीचा.

"काय आहे?" आन्सेल्मने विचारलं.
शेजारच्या मळ्याचा कोलोम्बान पेल्यात नाक घालून होता.
"ओला पाचोळा. अळंबी."
"तो जुलै," म्हातारा म्हणाला.
"बूट वाळत नव्हते. फुलोरा आधीच गळलेला.
बाप रिकामी पिंपं विकायला निघाला होता."

"मग चेरी, सुकलेली. तिच्यामागे काहीतरी उन्हाचं."
"ऑगस्ट सरताना. एका सकाळी खिडकी उघडली
आणि ऊन. दुसऱ्या दिवशी परत. मग रोज.
आम्ही त्याविषयी बोलायचो नाही.
बोललं की जाईल, असं वाटायचं."

"लोखंड," गिलेन म्हणाली.
तो हसला. "माझ्या कात्रीचं.
वरच्या वाफ्यात अंगठा कापून घेतला होता,
ऑक्टोबरात, शेवटच्या दोन ओळी उरल्या असताना."

"आणि गुलाब," कोलोम्बान म्हणाला,
"वहीत ठेवून विसरलेला."

यावर म्हातारा काही बोलला नाही.
गिलेनने मेणबत्तीची वात उगाच कातरली.
त्या तोडणीत तिची आई तीस माणसांचं रांधत होती,
पोटात चार महिन्यांची गिलेन.
हे मला नंतर समजलं, कागदांतून,
तारखा जुळवता जुळवता.

मग आन्सेल्मने स्वतःचा पेला उचलला.
हुंगला नाही.
घोट तोंडात धरून बसला,
इतका वेळ की वर रस्त्यावरून ट्रॅक्टर आला आणि गेला.

"ही तेव्हा जीभ सोलायची," तो म्हणाला.
"वीस वर्षं तुरट. त्यानंतर दहा नुसती हट्टी.
शिव्या घालून मीच हिला मागच्या रांगेत ढकललं.
आता कोपरे झिजलेत.
ओढ्यातला गोटा जसा.
तोंडात आहे हे कळतच नाही,
गिळल्यावर जागा रिकामी लागते."

मीही चाखली. मला वाइनमधलं कळत नाही.
पाचोळा सापडला नाही, गुलाबही नाही.
जरा आंबट, जरा गार,
मग घशाशी कोमट, बराच वेळ.
वहीत तिसरीपुढे आकडा लिहिला,
खोडला, परत तोच लिहिला.

"बाकीच्या तीन?" गिलेनने विचारलं.
"राहू देत. त्यांना घाई नाही."

ती बाटली विसळायला निघाली,
तर त्याने हात पुढे केला.
तळाचा साका तळहातावर घेतला,
दळण पाहतात तसा चोळला,
तर्जनी आणि त्या अंगठ्याच्या मधे,
ज्यावर अजून पांढरी रेघ आहे.
"बारीक आहे," म्हणाला.