सहा पाती

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवली मी.
बेअरिंग जाणार हे आधी कानाला कळतं,
मग हाताला, मग मालकाला.
म्हणून हैदराबादहून येताना
डाव्या इंजिनाचा सूर उतरला
तेव्हा पाण्याचा घोट तोंडातच राहिला माझ्या.
शेजारची बाई अजून चिवड्याचं पाकीट दातानं फोडत होती.

मग पंखा थांबला.
फिरत्या पंख्याची पाती कधी दिसत नाहीत.
मी मोजली. सहा.

पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच,
गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर.
म्हशीची धार ग्लासात वाजत होती
आणि अण्णाप्पा मगदूम म्हणाला,
"एका इंजिनावर चालतंय लगा विमान.
भ्या वाटलं म्हणून सांग की सरळ."

साडूच्या धैर्यशीलनं पुण्याहून फोनवर समजावलं:
काका, ती पाती मुद्दाम वळवतात, वाऱ्याला कड देऊन.
पायलटनं सगळं पुस्तकाप्रमाणं केलं.
केलं असेल.
चुकलं असं मी कुठं म्हणालो?

बायकोच्या भिशीत वेगळाच खटला.
एवढं जिवावरचं संकट,
आणि माणूस त्याच रात्री पांढरा रस्सा दोन वाट्या प्यायला?
मग खरं कसं धरायचं?
म्हणजे कट्ट्यावर मी जास्त भ्यालो
आणि भिशीत कमी.

पेपरात चार ओळी, आतल्या पानावर.
तांत्रिक बिघाड. सहा मिनिटांत सुखरूप उतरले.
मी तर चौदा सांगत आलो होतो.

अण्णाप्पानं ते कात्रण घडी करून खिशात ठेवलंय.
मी तोंड उघडलं की काढतो.
"चौदाची सहा झाली. उद्या म्हणशील
विमान नव्हतंच, गारगोटीची एस्टी होती."
सगळे हसले. मीही हसलो.
दूध नाकात गेलं.

चौदाचं काय ते कुणाला सांगितलेलं नाही.

ती बाई निपाणीची. नाव विचारलं नाही.
चिवडा मांडीवर सांडलेला तसाच,
माझं मनगट धरून म्हणाली, किती वाजले?
सहा बारा, म्हणालो.
तिनं श्वास घेतला.
किती वाजले?
सहा तेरा.
पुढं कुणाचं तरी पोर आईला हाका मारत होतं,
आई तर त्याला मांडीवर घेऊनच बसलेली.
किती?
सहा सतरा.
उसाचे फड इतके जवळ आले की तुरे दिसायला लागले.
डोकी खाली, डोकी खाली, असं ओरडत होती ती हवाईपोरगी,
आणि मी खाली वाकून त्या बाईच्या कानात,
सहा वीस. बघा, गोकुळ शिरगावात दिवे लागले.
सहा चोवीस.
सहा सव्वीसला चाकं टेकली.
दोन्ही बाजूंनी लाल बंब पळत होते,
वरातीच्या गाडीमागं पोरं पळतात तसे.

ती उठली, पदरावरचे पोहे झाडले,
माझ्या हाताकडं एकदा नीट बघितलं
आणि काही न बोलता उतरली.

घड्याळ नव्हतंच.
ते हैदराबादला तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलं होतं,
बेल्ट तेवढा आठवणीनं उचलला.
एकेक मिनिट मी घडवलं,
जॉब उतरवावा तसं, अंदाजानं,
आणि तिच्या ओंजळीत ठेवत गेलो.
हे अण्णाप्पाला कुठल्या तोंडानं सांगू?
आता विचारलं तर सहा म्हणतो. गप बसतोय तो.

पण एक कळत नाही.
तिनं धरलेलं मनगट डावंच होतं,
पट्ट्याच्या जागी नुसती पांढरी खूण असलेलं.
बोटं तिची त्या खुणेवरच होती.
तरी विचारत राहिली, किती वाजले.

परवा हैदराबादला फोन लावला.
सापडलंय म्हणाले, चालू आहे,
पण तुमचंच कशावरून?
काचेला चरा आहे, म्हणालो, लेथचा कीस उडालेला.
तसा चरा कुणाच्याही घड्याळाला असतो, म्हणाले.