तिसऱ्या पिनेवर

साखळीच्या बाजारात, बसस्टँडमागच्या गल्लीत
माझं रेडिओचं दुकान. रेडिओ आता कुणी आणत नाही;
मिक्सर येतात, इस्त्र्या येतात,
चतुर्थीआधी आठवडाभर दिव्यांच्या माळा.
त्या दिवशी शाळेचं दप्तर आलं.
दप्तरात बुटांचं खोकं, खोक्यावर काळ्या रंगाचा चौक
आणि आइस्क्रीमच्या काडीवर उभा सिग्नल,
तांबडा, पिवळा, हिरवा,
बोटभर उंच.

धृती पर्येकर, आठवी.
"दिवे लागतात, काका. सर म्हणाले, आता आवाज लाव.
हिरवा लागला की वाजलं पाहिजे,
ज्यांना दिसत नाही त्यांना कळायला."

सर बरोबर बोलले. कपाळावरचा चष्मा मी खाली घेतला.
एक टायमर घेतला, पाचशे पंचावन्न, आठ पायांचा किडा,
त्याच्या तिसऱ्या पिनेवर पितळी चकती डाग देऊन बसवली.
राळेचा धूर नाकात गेला. बॅटरी जोडली.
हिरवा लागला.
काही नाही.

चकती बदलली. काही नाही.
डाग पुन्हा तापवले. मीटर लावला,
मीटर म्हणे, माझ्याकडे सगळं ठीक आहे.
"भिकार माल," मी म्हणालो, "हा म्हापशाचा होलसेलवाला"
आणि त्याच्या नावाने चार शब्द जास्तच बोललो.
धृती कानांवर हात ठेवून उभी होती.
पायरीखाली झोपलेलं कुत्रं उठलं,
कान टवकारून माझ्याकडे बघत राहिलं.
"काका," ती म्हणाली, "मघापासून वाजतंय."

चाळीस वर्षं मी कानाने दुरुस्ती केली.
स्टेशन लागलं की काट्याआधी मला कळायचं.
आणि गेल्या पावसाळ्यात मीच कुणाला तरी सांगत होतो,
यंदा रातकिडे कुठे गेले कोण जाणे,
फवारणी वाढली असेल.

ती "अरेरे" म्हणाली नाही. तिने विचारलं,
"मग तुम्हाला कुठपर्यंत येतं?"
आणि कपॅसिटरचा खण ओढला.
एक काढायचा, मोठा घालायचा.
आता?
नाही.
आता?
नाही गं.
आता?
दूर, भिंतीपलीकडे असावं तसं काहीतरी हललं.
चकतीला एवढा जाड सूर पेलेना,
म्हणून मेलेल्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर काढून लावला,
आणि आलं: पहाटे पोदेर गल्लीच्या तोंडाशी
सायकलचा भोंपू दाबतो ना, तसं.
पाव घ्या, रस्ता ओलांडा.

पण आवाज आला तसा उजेड बसला.
वाजलं की हिरवा मलूल, थांबलं की टवटवीत;
एकाच बॅटरीवर दोघं जेवत होती.
"वाटणी कर," मी म्हटलं. "स्पीकरला सेल वेगळे दे.
हिरव्याने ट्रान्झिस्टरला नुसती खूण करायची,
ओझं वाहायचं नाही.
जमीन मात्र दोघांची एकच ठेव.
नाहीतर खूण पोचत नाही."
तिने वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं त्याहून नीट.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं म्हणे,
एवढा घोगरा आवाज कशाला, पीं पीं चाललं असतं.
ती म्हणाली, "बारीक आवाज सगळ्यांपर्यंत जात नाही."
कुणापर्यंत, ते तिने सांगितलं नाही.
बक्षीस ज्वालामुखीला मिळालं.

पैसे घेतले नाहीत. तो पहिला, छोटा कपॅसिटर
तेवढा मागून ठेवून घेतला.
कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं
की जुनं सर्किट जुळवतो, तिसऱ्या पिनेवर चकती लावतो,
आणि बॅटरी जोडतो.
दुकानात काहीच होत नाही.
कुत्रं उठतं.