एकशेवीस ओहम

सावईवेऱ्याला जत्रा. नाटक रात्री अकराला,
म्हणजे एकला.
दुपारी चारला मी शिडीवर, तोंडात टेस्टर.
खाली खाज्यांची दुकानं लागताहेत,
गुळाचा वास पार वरच्या पाइपापर्यंत चढतो.

आठ दिवे, प्रत्येकाला आठ चॅनल.
पत्ते असे: एक, नऊ, सतरा, पंचवीस,
तेहेतीस, एक्केचाळीस,
एकोणपन्नास, सत्तावन्न.
आठाच्या पाढ्यासाठी खाल्लेला मार
एकने सरकून कामी आला.
जुन्या दिव्यांच्या पाठीवर दहा चिमुकले खटके,
पंचवीस हवे तर पहिला, चौथा, पाचवा वर.
नखाने होत नाही, केसातली पिन लागते.
पुरुष लाइटवाले काय करतात
ते विचारायचं राहूनच गेलंय.

पाचवा लाल मागितला की हिरवा देतो.
त्याला कुणीतरी सात चॅनलवर ठेवलाय,
एक पायरी चुकलेला, बाकी बिचारा प्रामाणिक.
त्याच्याखाली फटू गावकर हातात गदा घेऊन उभा,
एरवी फेरीबोटीवर दोर टाकतो.
“बाय, म्हाका हिरवो कित्याक केला?
हांव राजा, सरडो न्हय.”

आणि आठवा थरथरतो.

केबल बदलली. जॅक उघडून पाहिला.
अर्थिंग पाहिलं, माइकची वायर चुकून आली का पाहिलं.
सातवा आठव्याच्या जागी नेला:
तिथे सातवा थरथरायला लागला,
आणि आठवा सातव्याच्या जागी मुकाट.
म्हणजे आजार दिव्याला नाही, जागेला.

मेनीनला फोन लावला, मडगावला.
तो तियात्रांचे दिवे करतो, पंचवीस वर्षं.
मागे कुणीतरी ट्रम्पेट घासून पुसत होतं.
“निमाण्याक कितें लायलां?”
“कांयच ना.”
“मागीर तो रडटलोच.”

निरोप तारेतून धावतो, टोकाला पोचतो.
पोचलास, असं त्याला कुणी सांगत नाही.
मग तो उलटा फिरतो,
मागून येणाऱ्या निरोपावर आदळतो,
आणि शेवटच्या दिव्याला कळेनासं होतं
आत्ताचं कुठलं, मघाचं कुठलं.

बाबा मिठाच्या पाण्याने दिवे मंद करायचे.
चिनी मातीच्या बरण्या, आगरवाड्याचं मीठ,
तांब्याची पट्टी दोरीने खाली-वर.
पाणी उकळायला लागलं की समजायचं, बिघडलं.
वाफ दिसायची तरी.
शेवटच्या वर्षी ते पलंगावरून विचारायचे,
दिवे बंद केलेस?
मी आतल्या खोलीतून, मोबाइलवरून मान न काढता:
हो, केले.
पाच मिनिटांनी पुन्हा.
पुन्हा.
वय झालं, असं आम्ही सगळे म्हणायचो.

तपकिरी, लाल, तपकिरी:
तांदळाएवढा रेझिस्टर, एकशेवीस ओहम.
दोन आणि तीन नंबरच्या पिनेत डाग दिला,
फुंकर मारली, शेवटच्या दिव्यात खोचला.
थरथर थांबली.
इतकी, की मला वाटलं दिवा बंद पडला.

रात्रीचं नाटक मी पाहिलं नाही, कधीच पाहत नाही.
फेडर पाहते, आणि फटूच्या मुकुटाची कड.
तिसऱ्या अंकात वीज गेली, जनरेटर येईपर्यंत
दुसरा आपला पत्ता विसरून एकवर जाऊन बसला
आणि पहिल्याची नक्कल करत राहिला.
लोकांना वाटलं, मुद्दाम. टाळ्या पडल्या.

पाच वाजता केबल गुंडाळत होते.
खाजेवाली तराजू पोत्यात घालत होती.
कमिटीचे तळावलीकर मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले,
“बाय, लायटी बंद केल्यो?”
तोंडात आलं होतं, हो.
केबल खाली ठेवली,
खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले,
आणि सांगितलं.