ऐकू आलं की बटण दाबा

जळगावला, रिंग रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
एक खोली आहे, आतून सगळी फोम लावलेली.
मला तिथे बसवून दार ओढून घेतलं.
काचेपलीकडची मुलगी म्हणाली,
काका, ऐकू आलं की बटण दाबा.

टूंऽ. दाबलं.
टूंऽ, जरा बारीक. दाबलं.
मग बराच वेळ काहीच नाही.

इतकी शांतता मी याआधी एकदाच ऐकलेली.
भुसावळ, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटचा हॉल, एकोणऐंशीचा जानेवारी.
वीज दुसऱ्यांदा गेली, माइक मेला,
सुपडू जंगले बॅटरी खांद्यावर घेऊन अंधारात धडपडतोय,
आणि बाई म्हणाल्या, राहू द्या हो,
सगळे जवळ सरका.
तीनशे माणसं सतरंजीवरून पुढे सरकली,
गार्ड, फायरमन, त्यांच्या बायका, माकडटोपीतली पोरं,
कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत,
हवेत रात्रीच्या भरताचा, लसणीचा वास.
तानपुरे जुळले.
बाईंनी तोंड उघडलं, सूर अजून यायचा होता,
तेवढ्यात यार्डातून मालगाडीने शिटी दिली.
लांब. नेमकी पंचमावर.
बाई डोळे मिटूनच हसल्या
आणि षड्ज ठेवून थेट पंचमावर उतरल्या,
जणू ड्रायव्हरशी सकाळीच बोलणं झालं होतं.

तो बिहाग, असं विश्राम धांडे म्हणायचा.
मी म्हणायचो मालकंस.
मालकंसात पंचम नसतो
हे मला कळायला बारा वर्षं गेली,
तोवर आम्ही प्रत्येक नाइट ड्यूटीला भांडलो.

टूंऽ. दाबलं.

चोपड्याला जिनिंगच्या आवारात सारंगी ऐकली.
वारा सुटला, कापसाचे तंतू उडायला लागले,
म्हाताऱ्याच्या गजात, भुवयांत, दाढीत.
शेवटी शेवटी दाढी कुठे संपते
आणि कापूस कुठे सुरू होतो, कळेना.
तो मध्येच शिंकला. तालात शिंकला.
सगळ्यात मोठी दाद त्यालाच मिळाली.

धुळ्याला एक फार मोठे गवई आले होते.
अडीच तास उशिरा आले, चाळीस मिनिटं गायले,
त्यातली दहा घड्याळाकडे बघत.
मीही वा वा म्हणालो.
तिकीट तीस रुपयांचं होतं.

आणि धडगावच्या अलीकडे, होळीला,
मेहुणा आश्रमशाळेवर होता तेव्हा,
एका पोराने पावरी वाजवली.
तिकीट नाही, सतरंजी नाही, नाव कोणी सांगितलं नाही.
ढोल थांबले तरी तो थांबेना.
त्या सुराला काय म्हणायचं ते मला अजून माहीत नाही.
विश्राम असता तर त्यालाही बिहाग म्हणाला असता.

कुमुद एकाच मैफिलीला आली, अमळनेरला.
विलंबितातच माझ्या खांद्यावर झोपली.
परतीच्या पॅसेंजरमध्ये मी रुसून बसलो,
तर म्हणे, झोपेत सगळं पोचतं.
जाग्या माणसाचंच अर्धं लक्ष
शेजाऱ्याने मान हलवली का याकडे असतं.

दार उघडलं.
मुलीने कागद दाखवला: एक रेघ,
डावीकडे सपाट, मग सातपुडा उतरावा तशी खाली.
वरचे स्वर गेलेत काका, म्हणाली,
वयाने होतं.
आणि मध्येच एकदा तुम्ही बटण दाबून धरलंत,
बराच वेळ.
तेव्हा मी काहीच लावलं नव्हतं.

चुकून दाबलं गेलं, म्हणालो.

बाहेर बाकावर कुमुद, पर्स मांडीवर.
‘काय म्हने ती पोरगी?’
मला ऐकू आलं होतं.
तरी कानामागे हात नेला.
ती पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने,
सगळी वेटिंग रूम वळून बघेल अशी.