कालवाचा दगड

दुसरीचा वर्ग. पट सोळा, हजर अकरा.
पहाटे रापणीला बांगडा लागला,
पाच जणांना आज शाळेपेक्षा मोठं काम आहे.

वऱ्हांड्यात खडूने दोन वर्तुळं काढली मी.
एकात सजीव, दुसऱ्यात निर्जीव.
म्हटलं, जा, वाळूत दिसेल ते आणा.
काचा नकोत, कुणाची चप्पल नको.

चप्पल आलीच. एकटी, डाव्या पायाची.
भार्गव म्हणाला, समुद्राची आहे.
निर्जीव! सगळे ओरडले.
जाळ्याचा निळा तुकडा, निर्जीव.
मर्यादवेल, जांभळ्या फुलासकट, सजीव.
"तोडली तरी?" अर्शानने विचारलं.
संध्याकाळपर्यंत, म्हटलं मी,
आणि माझं मलाच ते पटेना.

लक्षिता धावत घरी जाऊन खारा बांगडा घेऊन आली.
श्वास घेतो का? नाय.
खातो का? आमीच त्येका खातंव.
मग ठेव तिकडे.
ती ठेवेना. रेषेवर उभी राहिली,
शेपटीला धरून.
"पण बाई, ह्यो पेवत होतो."

पुस्तकात 'होतो'ला जागा नाही.
मी तिसरं वर्तुळ काढलं, लहान, बिननावाचं,
आणि तिथे एकदम गर्दी झाली:
शिंपले, करवंटी, सुरमईचा मणका,
कुणाच्या तरी मोडक्या होडीची फळी.
फळी आहे तर मग बाक पण, असं म्हणत
चौघांनी वर्गातलं बाक ओढत आणलं.
हजेरीपटावर डोळा होता, तो मी पाठीमागे लपवला.

निशाद सगळ्यात शेवटी आला.
शर्ट भिजलेला, दोन्ही हातांत दगड,
आणि त्याने तो सरळ सजीवात ठेवला.

हसले सगळे. मीसुद्धा, थोडी.
तो डब्याचं झाकण घेऊन परत गेला,
खारं पाणी आणलं, दगडावर ओतलं,
पुन्हा गेला, पुन्हा ओतलं,
मग दगड माझ्या बादलीतच बुडवला
आणि सगळी बादली समुद्राच्या पाण्याने भरली.
मधली सुट्टी झाली. कुणी उठलं नाही.
तेव्हा त्या करड्या खडबडीत कडेला
केसाएवढी फट पडली.

"आवशीच्या कोयतीक ह्या एक गावला नाय,"
एवढंच बोलला तो.

मग कालव सजीवात, दगड निर्जीवात,
असं मी समजावू लागले.
त्याने मान हलवली.
"दगडावरसून सुटला तर मरतला."

भरतीच्या आधी तो दगड घेऊन खाली गेला,
जिथून आणला तिथेच, त्याच बाजूने वर करून ठेवला.
मी बाक आत लोटलं. वर्तुळं पुसली नाहीत,
ती दोन दिवसांत पायांनीच गेली.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता:
सजीव की निर्जीव ते लिहा. मांजर. पेन. दगड.
निशादने मांजर लिहिली, पेन लिहिलं,
आणि दगडापुढे, मोठ्या अक्षरात,
'खंयचो?'

गठ्ठा केंद्रप्रमुखांकडे जाणार होता.
मी गुण दिला, पूर्ण,
आणि तो पेपर अगदी मधे सरकवला.