लेखाशीर्ष

पावती पुस्तकात कार्बन घालायचा,
निळी बाजू खाली,
आणि जोर देऊन लिहायचं: विकास शुल्क.
एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं.
उदगीरची नगरपरिषद, नगररचना शाखा,
जिन्याखालचं टेबल,
त्याचा एक पाय जुन्या जनगणनेच्या गठ्ठ्यावर.

बिरादारांचा मन्मथ यायचा, पांढरे बूट घालून.
पंधरा एकर करडईचं रान
त्यानं एका उन्हाळ्यात फक्कीच्या रेघांनी कापलं,
नाव दिलं रम्यनगरी.
नकाशावर हिरवा चौकोन: बाग.
तुटक निळी रेघ: ओढा.
ओढ्यावर दोन आडव्या काड्या,
म्हणजे पूल.
शुल्क त्यानं भरलं, खोटं कशाला बोलू,
आणि मग घर बांधताना एकेकानं आपापलं.
नोटा मी मोजल्या, थुंकी लावून.

प्रयागबाई पांचाळ पहिल्यांदा आली
तेव्हा अर्ज एकपानी होता.
“पोरं चपला हातात घेऊन शाळेला जाऊलालेत साहेब.
नळ्यांचा का होईना, पूल टाका.”
मी लिहिलं, निधी उपलब्ध नाही.
दुसऱ्यांदा लिहिलं, निधी उपलब्ध नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल.
तिसऱ्यांदा येईस्तोवर
मी रबरी शिक्का करून घेतला होता.
हात वाचतो.

चौथ्यांदा आली ती मार्चच्या तोंडावर,
खताच्या पोत्याची शिवलेली थैली घेऊन.
दारोदार फिरली होती.
देवाच्या फोटोमागून, डाळीच्या डब्यातून,
लग्नाच्या आल्बममधून,
हमीदभाईच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या खिळ्यावरून
एकशे बारा पावत्या.
दाभणानं ओवलेल्या, गोधडीच्या दोऱ्यात.
तिनं त्या ठेवल्या
आणि टेबल जरासं कललं.

“वाचा की,” म्हणाली, “कशाचे पैसे हाईत हे?”
वाचलं.
अक्षर माझं. सही माझी.
कार्बनमुळं पुसट झालेलं, तरी माझंच.
“मग आमचा विकास कोणच्या खोलीत ठेवलाय?
किल्ली कुणाकडं हाय?”

एकसष्टावी पावती उलटली
आणि माझा अंगठा थांबला.
प्लॉट तेवीस.
देणाऱ्याच्या जागी माझं नाव,
घेणाऱ्याच्या जागी माझी सही.
बायकोनं दिली असणार, मला न सांगता.
आमची थोरली पण चपला हातातच घेते,
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथं आड तुडुंब होता,
एक्केचाळीस लाख सोळा हजार, मला आकडा पाठ,
पोहराच मी खुंटीला टांगून ठेवला होता.
त्याच आडातून चौकातल्या कमानीचे दिवे निघाले,
साहेबांच्या गाडीचे टायर निघाले,
तेव्हा शिक्का कुठं होता
ते विचारू नका.

रात्री टिप्पणी लिहिली.
सदर निधी त्याच वसाहतीच्या सोयींवर
खर्च करणे बंधनकारक आहे.
नऊ-दहा शब्दांचं वाक्य,
एकोणीस वर्षांत कधीही लिहिता आलं असतं.
बंधनकारक लिहिताना पेन कागदात रुतलं.
सभेत कुणी खोकलं, कुणी कमानीचा विषय काढला,
खिडकीबाहेर बायका उभ्या होत्या, बोलत नव्हत्या.
ठराव झाला.

पूल झाला पुढच्या जानेवारीत.
तीन नळ्या, वर काँक्रीट,
कठडा एकाच बाजूला.
दुसऱ्या कठड्याची फाइल माझ्याच टेबलावर आहे.
बागेच्या चौकोनात अजून
मन्मथच्या सिमेंटच्या विटा वाळतायत.

प्रयागबाई पावत्या परत न्यायला आली.
“मोजून द्या. बागंला लागतील.”
मोजल्या.
माझी तेवढी ओढून घ्यावी म्हणून बोट घातलं,
तर तिनं गठ्ठ्यावर हात ठेवला.
“ऱ्हाऊ द्या. एक काढली की दोरा ढिला होतो.”

संध्याकाळी ती पुलावरून गेली,
थैली काखेत,
कठडा नाही त्या कडेनं.
मागं मी, सायकल हातात धरून.